सांधा

बाबा इगतपुरीच्या खाली घाटात सांधेवाले होते.
शांतवन भिंगारदिवे.
रविवारी ड्यूटी नसली की चर्चमध्ये
शेवटच्या बाकावर, उघड्या दाराशी बसायचे,
म्हणजे गीत चालू असतानाही
गाडीचा कानोसा घेता यायचा.

मी डबा घेऊन जायचे तेव्हा दाखवायचे :
बघ, उतरणीवरचा हा रूळ
नेहमी त्या आडवाटेकडेच वळवलेला असतो.
कॅच साइडिंग. वर चढ, मग वाळू, मग काहीच नाही.
कसाऱ्याची वाट गाडीला आपोआप मिळत नाही.
तिनं आधी थांबायचं. पुरतं थांबायचं.
चाक निश्चल झालं की मग मी सांधा बदलतो.

ड्रायव्हर चिडतात?

चिडतात तर. त्यांना खाली मोकळी लाइन दिसत असते.
ब्रेक किती तापलेत ते कुणाला दिसतं?

मस्कतचा व्हिसा आला तेव्हा मी
शरणपूर रोडला एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला होते.
पगार इथल्या तिप्पट. सलोमी आधीच गेलेली,
तिनं फोटो पाठवला होता,
पांढराशुभ्र वॉर्ड आणि खिडकीत समुद्र.
मंडळीपुढे मी साक्ष दिली,
प्रभूनं दार उघडलं म्हणाले.
टाळ्या झाल्या.
आठवडाभर बॅग पलंगावर उघडी पडून होती.

आणि रोज पहाटे प्रार्थनेला बसले की
एकच शब्द.
शब्दही नव्हे,
अंधाऱ्या जिन्यात कुणी हात आडवा धरावा
तसं काहीतरी.
थांब.

मी म्हटलं, ही माझीच भीती.
म्हटलं, आईचे गुडघे मनात बसलेत.
उपास केला.
दुसऱ्या खोलीत जाऊन प्रार्थना करून पाहिली,
जणू आवाज भिंतीतून येत होता.
पाळकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.
'तुझ्याशी बोलतोय तो, माझ्याशी नाही,' म्हणाले,
'मी मध्ये पडत नाही.'

तिकीट रद्द केलं.
चार हजार सातशे रुपये कापले गेले.

आता तुम्हाला वाटेल, पुढे कळलं असेल का थांबवलं ते.
एजंट लबाड निघाला असेल,
काहीतरी अघटित टळलं असेल.
नाही.
एजंट सज्जन होता. विमान वेळेवर उतरलं.
सलोमीनं जेल रोडला फ्लॅट घेतला,
गृहप्रवेशाच्या प्रार्थनेला मीच केक नेला.

नऊ वर्षं झाली.
साक्षीच्या रविवारी माझ्यापाशी सांगायला काही नसतं.
खोटं कशाला बोलू, कधीकधी राग येतो.
रात्री दोनला सलाइन बदलताना पुटपुटते :
चाक केव्हाचं थांबलंय, देवा.
आता सांधा बदल ना.

मध्ये एकदा बाबांना विचारलं,
इतकी वर्षं थांबवलेल्या गाड्यांपैकी
कुणी विचारलं का हो, का थांबवलं?

ते हसले. दात काढून ठेवले होते.
अगं, त्यांना मी दिसायचो तरी कुठे.
श्रावणातल्या धुक्यात केबिनच दिसत नाही.
कंदील तेवढा दिसायचा.
लाल असला की उभे राहायचे बिचारे, शिव्या देत,
पण उभे राहायचे.
कंदील आहे म्हणजे धरणारा असणारच ना.

आज पहाटे ड्यूटीवरून आले.
घर निजलेलं.
नाशिक रोड स्टेशनकडून एक लांबलचक शिट्टी आली
आणि बाबांचा हात, झोपेतच,
पांघरुणाबाहेर निघून वर उचलला गेला,
मुठीत काहीतरी धरल्यासारखा.
लाल की हिरवा, मला दिसलं नाही.

चपला हातात घेऊन
मी उंबऱ्यातच उभी राहिले,
तो हात खाली येईपर्यंत.