काटा तपासायचा दिवस

मे महिन्यातला दुसरा मंगळवार.
मेथडिस्ट चर्चच्या तळघरात
आम्ही बायका कॅनरची झाकणं घेऊन उतरतो.
भांडी नाहीत, नुसती झाकणं,
काखेत धरलेली, कोंबडी धरावी तशी.

आधी हजेरी.
आमच्या क्लबात नुसतं 'हजर' म्हणून भागत नाही,
नाव पुकारलं की एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.
आजचा प्रश्न ऑर्लीना स्टॅम्परने काढलेला :
तुमच्या घरातली कुठली वस्तू खोटं बोलते?

ट्वायला म्हणाली, न्हाणीघरातला वजनकाटा.
नोव्हेलाचा ओव्हन साडेतीनशे म्हणतो
आणि बिस्किटं खालून कोळसा, वरून पीठ.
लुडीचं उत्तर : नवऱ्याचं कानातलं यंत्र.
"मी हाक मारली की नेमकी त्याची बॅटरी संपते."
मी वहीत लिहिलं, सगळ्या हसल्या.
डेल्फा हसली नव्हती.
तिची पाळी आली तेव्हा बसूनच म्हणाली, कॅलेंडर.
पुढे काही नाही.
मीही तेवढंच लिहिलं. कॅलेंडर.

मग काउंटीच्या ऑफिसातली मिस हॅथकॉक
आपलं यंत्र पेटीतून काढते,
एकेक झाकण त्यावर घट्ट बसवते, हवा भरते,
आणि तिचा खरा काटा
आमच्या काट्यांशेजारी हळूहळू चढत जातो.
मी रकाने भरते : नाव, आकडा, फरक.

घेवड्याला अकरा पौंड, पंचवीस मिनिटं.
दोन पौंड कमी पडले तर काय होतं?
काहीच होत नाही, तीच तर भीती.
बरणी तशीच हिरवी दिसते,
झाकण तसंच टक्क वाजून बसतं,
वास नाही, फेस नाही,
आणि जानेवारीत कुणीतरी ती उघडतं.

कोपऱ्यात गेल्या महिन्याच्या वर्गातल्या खुर्च्या,
अर्ध्या विणलेल्या.
वेत अजून टबात भिजतोय. कुणाचा, ते कुणी सांगत नाही.

शेवटी ब्रायली कूम्स. नवी पोर,
दंडावर नेच्याचं पान गोंदलेलं,
बाळाची टोपली टेबलावर, रजईच्या ठिगळांमध्ये.
झाकण लिलावात घेतलंय, म्हणाली,
भांड्यासकट अकरा डॉलरला.
मिस हॅथकॉकने हवा भरली, चष्मा वर केला.
"दोन जास्त दाखवतोय. बदलायला हवा."
"ते माहितेय मला," ब्रायली म्हणाली, "लिहिलंय ना."

मुठीखाली चिकटपट्टी, पिवळी पडलेली, वर पेन्सिल :
हा दोन जास्त सांगतो. तेरावर ने.

ते वळण आम्ही सगळ्यांनी ओळखलं.
एकतीस वर्षं त्या अक्षरात
क्लबचे जमाखर्च वाचले होते.
व्हर्डी हक्स.
शेवटची तीन वर्षं तपासणीला आली नाही,
गुडघा म्हणायची. आम्हाला वाटलं, आळस.
तिला तिचा काटा ठाऊक होता.

आणि गेल्या हिवाळ्यात,
दर मंगळवारी, कोट काढता काढता,
कशी आहेस म्हटलं की म्हणायची, झकास.
आम्ही सतरा जणी, सतराही हिशेबाच्या पक्क्या,
त्यातून दोन वजा करावेत
हे एकीलाही सुचलं नाही.

नवा काटा एकोणीस डॉलरला पडतो.
ब्रायलीने लगेच मागवला,
चिकटपट्टी मात्र काढू दिली नाही.
"मग ती खोटी होईल की," ट्वायला म्हणाली.
"होऊ दे," ती म्हणाली, आणि बाळाला उचललं.

डेल्फा कॉफी टाकायला उठली.
मी रकान्यात लिहिलं : कूम्स. फरक दोन.
"तुझं उत्तर राहिलं की," ऑर्लीना म्हणाली,
"तुझ्या घरात काय खोटं बोलतं?"
मी हातातल्या वहीकडे पाहिलं.
म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगते.