शेरा

कसबा बावड्याच्या काट्यावर बसतो मी.
लाइन बाजाराकडून गाडी येते, थांबते,
आकडा थरथरतो, ठरतो, मी लिहितो.
भरली गाडी वजा रिकामी गाडी
म्हणजे कोल्हापूर.

सोमवारच्या गाडीत रविवारची हाडं,
लक्ष्मीपुरीचा भाजीपाला,
चप्पल लाइनीतल्या कातड्याच्या चिंध्या.
पाऊस झाला की सगळंच जड,
ढगाचं पाणीही आपल्याच खात्यावर.

गेल्या महिन्यात मुंबईहून तक्ता आला.
राज्याचा आराखडा, सत्तावीस रकाने.
उगमस्थानी वर्गीकरण: आज किती टक्के,
पाच वर्षांनी किती.
पाडळकर साहेब म्हणाले, "शंभर लिही की,
कागदाला काय ओझं होतंय?"
लिहिलं शंभर. खोडलं. नव्वद केलं.
मग पेन ठेवून खिडकीतनं बघत बसलो.
ढिगाला टक्के नसतात.
उतार असतो, वाफ असते,
आणि वर हिंडणारे बगळे,
पांढरेशुभ्र, कसे राहतात कुणास ठाऊक.

बायनाक्का आवळे पाण्याला आली.
म्हटलं, "आक्का, पाच वर्षांनी काय व्हावं?"
तांब्या वरूनच तोंडात ओतत
ती हसली, ठसका लागला.
"मी हितं नसावं.
आन् असलेच, तर काच येगळी बांधा म्हणावं.
पोराला डबा बांधून देत्यात का न्हाई,
तशी."

तिचं उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही.
ती दाखवत नाही कधी,
तांब्या धरला की दिसतं.

सत्ताविसावा रकाना: शेरा.
तिथं मी लिहिलं, काच.
साहेबांनी न वाचता सही ठोकली.

पंधरा दिवसांत तक्ता माघारी,
कडेला लाल शाई:
'एकक नमूद करावे. किलो की टन?'

आता काय सांगू.
माझा काटा दहा किलोच्या खालचं
काही धरतच नाही.

परवा घरात लोणच्याची बरणी फुटली.
तुकडे वेचले, बारीक कुसळं
ओल्या फडक्यानं टिपली,
दोन दिवसांच्या पेपरात गुंडाळून सुतळी बांधली,
वर मुलीच्या स्केचपेननं लिहिलं: काच.
खाली, हाताच्या सवयीनं, 'वजन'
एवढं लिहून थांबलो.

सकाळी घंटागाडीवाल्याच्या हातात दिली पुडी.
"काय हाय?"
"काच."
"मग टाका की तिकडं."
"टाकायची न्हाई. बाजूला ठेव, आक्काला दे."
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी प्रसाद मागे परत करतोय.

दुपारी तीच गाडी काट्यावर.
आकडा थरथरला, ठरला,
कालच्यापेक्षा वीस किलो कमी.
पुडी केबिनमध्ये होती की ढिगात,
विचारायचं धाडस झालं नाही.

तक्ता अजून टेबलावर आहे.
वर पेपरवेट म्हणून
हिरव्या काचेचा गोटा.