अर्धा ठोकलेला खिळा

उत्तरेची भिंत सहा वर्षं भिजत पडलीय.
आमच्या चिलोए बेटावर वारा समुद्रातून जे उचलतो
ते सगळं उत्तरेच्याच भिंतींवर फेकतो.
भिजत घोंगडं म्हणजे काय, मला कुणी शिकवायला नको.
मी त्याच्या आत झोपते.

लाकडी पट्ट्या कुजल्या, त्या बदलायच्या. चारशे बारा.
मोजल्यात मी.
मोजणं म्हणजे काम न करण्याची
सगळ्यात प्रामाणिक तऱ्हा,
ती मी दोन उन्हाळे मन लावून केली.

भाचा नोल्बेर्तो पुएर्तो मोन्तहून आला,
स्वयंपाकघरात तक्ता चिकटवून गेला:
सोमवारी पंधरा, मंगळवारी पंधरा,
रविवारी स्वतःला बक्षीस.
पहिल्याच सोमवारी मी बक्षीस खाल्लं.
सफरचंदाचा केक. चांगला झाला होता.
तक्ता अजून आहे, त्याच्या मागे
बटाट्यांचा हिशोब लिहिते.

मग स्वतःला रागावून पाहिलं.
तीस वर्षं शाळेत दीडशे पोरांना सूप वाढणारी तू,
लाज नाही वाटत, एदुविना?
वाटली.
लाज वाटून पांघरुणात आणखी आत सरकले.
लाजेला हातोडी धरता येत नाही,
तिचे दोन्ही हात तोंडावर असतात.

शेजारचा उल्दारिसियो म्हणाला,
इच्छा झाली की उठायचं, तोवर कशाला जीव काढायचा.
त्याची होडी किनाऱ्यावर उपडी पडलीय,
खाली कोंबड्या अंडी घालतात.

सापडलं ते चुकून.
जानेवारीतल्या एका संध्याकाळी
खिळा अर्धा आत गेला होता
आणि घरात दूध उतू गेलं.
धावले. परत गेलेच नाही.
रात्रभर तो खिळा
दातात अडकलेल्या मांसाच्या तंतूसारखा,
जीभ सारखी तिथंच.
सकाळी किटली सुस्कारायच्या आधी
मी शिडीवर होते, अनवाणी, झोपेच्या कपड्यांत,
त्या एका खिळ्यासाठी.
आणि शिडीवर आहेच, तर एक पट्टी.
आणि ती बसलीच, तर शेजारची,
नाहीतर ही एकटी दिसते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी
एक खिळा अर्ध्यावर सोडते.
हात चालत असताना थांबायचं, हेच अवघड,
भूक शिल्लक ठेवून ताटावरून उठण्यासारखं.
पण उद्याच्या बाईला मी ओळखते.
ती दिलेल्या शब्दाला जागत नाही,
कोरी भिंत दाखवली की पाठ फिरवते.
तिच्यासाठी काहीतरी उघडं ठेवावं लागतं,
मांजरासाठी दाराला फट ठेवतात
तेवढं.

रोज लागू पडतं असं नाही.
फेब्रुवारीत अकरा दिवस
उठून तो खिळा ठोकला नाही की काढला नाही.
खिडकीतून मी त्याच्याकडे बघायची,
तो माझ्याकडे,
दोघंही थोडे गंजलो.
त्या दिवसांचं मी पुढे काही केलं नाही.
रडले नाही, तक्त्यावर फुल्या मारल्या नाहीत.
बाराव्या दिवशी कुत्र्याला बाहेर सोडताना
हातोडी पायात आली, इतकंच.

आज एप्रिलचं पहिलं वादळ.
वारा भिंतीवर येतो
आणि आत येत नाही.
म्हणजे जवळजवळ नाही.
तीनशे अठ्ठ्याण्णव झाल्या,
राहिल्या चौदा, वरच्या कोपऱ्यात, जिथं शिडी डगमगते.
तिथून एक बारीक शीळ येते,
कुणी नाव न घेता हाक मारावी तशी.

शेगडीजवळ पाय पसरून मी हिशोब करते,
चौदा म्हणजे एक सकाळ.
पाठ दुखली तर दोन.
आणि मग?

कोंबड्यांच्या खुराड्याची मागची बाजू
आज जाता जाता मी हळूच बघून ठेवली.
मोजली मात्र नाही.