कूलर दुरुस्तीचा रविवार

एप्रिलचा पहिला रविवार. मनपाच्या शाळेची चावी
छबूताई धकाते यांच्या पदराच्या गाठीला.
संचारबंदी उठून तेरा दिवस झाले होते
आणि पारा बेचाळीसवर.

भाषण कुणी करायचं नाही, एवढंच ठरलं होतं.
मागच्या खेपेला शांतता समितीत
दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना शाली घातल्या.
शाली! नागपुरात! उन्हाळ्यात!
म्हणून या वेळी फळ्यावर नुसतं खडूनं:
‘बिघडलेले कूलर आणा. मजुरी नाही.
सामानाचे पैसे ज्याचे त्यानं.’

मी तीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले.
रस्त्याच्या अलीकडची, पलीकडची
जिन्याखालची ती अंधारी जागा मला पाठ आहे
जिथं मीटर असतो, चपला असतात,
आणि आतलं भांडण स्पष्ट ऐकू येतं.
तारेवर आकडा कोण टाकतो तेही माहीत.
दोन्हीकडे पाहिलं, दोन्हीकडे चहा प्यालो.
एवढ्या लायकीवर मला दारात बसवलं, वही देऊन.

नऊपर्यंत कोणी नाही.
साडेनवाला हिवराज गजभिये, हातठेल्यावर
बुडाला भोक पडलेलं लोखंडी धूड घेऊन.
मग रईसा आपा, मागे नातू,
नातवाच्या डोक्यावर क्षारानं पांढरी पडलेली ताटी.
मग रांगच.

पाचवी ‘ब’मध्ये, लहान पोरांच्या बाकावर गुडघे वर करून
सगीर अन्सारी मोटारी उघडत होते.
त्यांच्या रिवायंडिंगच्या दुकानाचं शटर अजून काळं आहे.
मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले,
“दुकान नहीं है तो हाथ खुजलाते हैं.”

बारापात्रेंचा तेजस आला.
त्या रात्री तो कुठं होता, गल्लीला माहीत.
सगीरभाईंना नसेल असं कसं म्हणू?
मोटार ठेवून तो फरशी बघत उभा राहिला.
त्यांनी जळकी तार उपसली, नाकाला लावली.
“पंप सूखा चलाया तुमने.”
मग इतवारीतून आणलेल्या नव्या तारेचं एक टोक
त्याच्या हातात दिलं:
“तान के पकड. ढीला छोडा तो फिर जलेगा.”
फेरे मोजायला लागलो मी, दोनशेनंतर चुकलो.
माफीबिफी काही झाली नाही.
पोराच्या बोटावर एक लाल रेघ उठली, एवढंच.

बाराला लाइट गेली.
चाचणीला लावलेले सगळे कूलर एकदम गप्प,
आणि खोटं कशाला बोलू, मी घाबरलो.
शंभर माणसं. हातात पाने, पेचकस. हॉल काळोखा.
तेवढ्यात गजभिये ओरडले,
“बिल तर बराबर पाठोते ना बाप्पा हे मंडळवाले!”
आणि खिडकीतून, जिन्यावरून, पाचवी ‘ब’मधून
मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला,
मराठीत, हिंदीत, दोन्हींच्या मधल्या त्या आमच्या बोलीत.
पेन्शनवाला मी तिथंच, आयता हाती लागलेला.
छबूताईंनीसुद्धा दोन घातल्या.
इतकं एकमत या रस्त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.
दीड तास मान खाली घालून मी ते ऐकलं.
कोणी घरी गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस कूलर. दोन भांडणं.
एक पान्यावरून. दुसरं त्याच गोष्टीवरून,
ते मिटलं नाही, दमून थांबलं.

एक कूलर राहिलाय. वहीत नाव मुबीन शेख.
घराला कुलूप. बहिणीकडे कामठीला गेले पोराबाळांसकट,
असं शेजारी सांगतात, विचारलं तरच.

दर शुक्रवारी छबूताई खोली उघडतात.
मी बादलीभर पाणी ओततो, दहा मिनिटं चालवतो.
बंद ठेवला तर पंप जाम होतो.
ताटी भिजते, रिकाम्या बाकांवरून वारा जातो,
पाढ्यांच्या तक्त्याचा सुटलेला कोपरा हलतो.
वहीत त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय:
तयार आहे. न्यायला यावे.