किरकोळ शेरे

डॉड म्हणाला, आधी नंबर टाक, मग जीव लाव.
डॉड माझा भाऊ. बकीच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं उघडतो,
आणि माणसांपेक्षा गंजावर त्याचा विश्वास जास्त:
गंज खोटं बोलत नाही, फक्त उशिरा बोलतो.

मला गाडी हवीच होती. मासळीच्या कारखान्यात पाळी पहाटे पाचची,
पहिली बस सहा वाजून दहा मिनिटांनी.
जाहिरातीत निळी फिएस्टा, बारा वर्षांची, मालकीण एकच,
'फार कुठे नेलीच नाही.'

नंबर टाकला.
तपासणीचं सरकारी पान, मे मागून मे.
नाव नाही, गाव नाही, नुसते मैल आणि शेरे.
६,११८. पास.
८,२०३. पास. मागचा वायपर चिरलेला.
१०,२४०. पास.
२४,८०६.

बोट तिथेच थांबलं.
मीटर मागे फिरवणारे ठग असतात, हे मला ठाऊक होतं;
पुढे पळवून कुणाचं भलं होतं?
त्याच ओळीत: नापास. पुढचे दोन्ही टायर तारेपर्यंत झिजलेले.
चार दिवसांनी पास,
आणि खाली एक किरकोळ शेरा:
डावीकडच्या सीटचा पट्टा परत जायला वेळ घेतो.
पुढच्या मे महिन्यात २५,०९०.
पट्टा वेळ घेतो.
मग वर्षाला तीनशे मैलही नाहीत,
पण दर वर्षी कुणीतरी तो पट्टा ओढून पाहिलेला
आणि लिहून ठेवलेलं.
शेवटच्या ओळीत दाराखालच्या पत्र्याला गंज सुरू.

इशबेल गेडिसने गाडी धुऊन ठेवली होती.
(धुतलेल्या गाडीपासून सावध, इति डॉड.)
मी पोतं अंथरून खाली शिरले.
रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराला चिकटलं,
दाराखाली लावलं तर गळून पडलं.
पेचकस टेकवला, तो आत गेला,
चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा.
गुडघे झटकत उठले तेव्हा ती माझ्याकडे नाही,
पोत्याकडे बघत होती.

मग डावीकडे बसले. पट्टा ओढला, सोडला.
तो माझ्या छातीवरच राहिला जरा वेळ,
मग चार बोटं मागे. मग थांबला. मग आणखी दोन.

खिडकीशी ती म्हणाली,
'अ‍ॅलिस्टर हातात धरून बसायचा तो.
छातीवर टेकला की दुखायचं, म्हणून असा, पुढे ओढून.
अ‍ॅबरडीनला जायला साठ मैल, यायला साठ.
मशीनखाली दहा मिनिटं.
हंटली आलं की त्याला भूक लागायची, नेमकी हंटलीलाच,
मग आम्ही थांबायचो, आणि खायचा काही नाही.'
जरा थांबून: 'फार कुठे नेली नाही म्हटलं ते खरंच आहे.
एकाच ठिकाणी नेली.'

किंमत बाराशे. मी पत्र्याचं बोलले,
वेल्डिंगला चारशे तरी जातील.
ती म्हणाली, नऊशे?
मी गप्प.
ती म्हणाली, सातशे?
घासाघीस कशी करायची ते डॉडने शिकवलं होतं,
समोरचा आपणच खाली उतरू लागला तर काय, ते नाही.
कळवते, म्हणाले.
आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

कीथच्या एका शिक्षकाची करडी कोर्सा घेतली.
तिचा इतिहास वाचताना जांभई येते: पास, पास, पास.

मे महिन्यात, मधल्या सुट्टीत, हातमोजे काढून,
बोटांना हॅडॉकचा वास तसाच,
मी तो जुना नंबर पुन्हा टाकला. तोंडपाठ होता.
३१,४७२. पास.
पत्र्याबद्दल अवाक्षर नाही. कुणीतरी खर्च केलाय.
कुणीतरी ती रोज कुठेतरी नेतंय.
खाली किरकोळ शेरा, एकच.
भोंगा होईपर्यंत मी तो वाचत होते.