दोन काड्या

एक्स-रेच्या भिंतीत शिसं,
पुढं जुना दगड, नवं काँक्रीट, मग लिफ्ट.
माझ्या मीटरवर उणे एकशे अठरा,
म्हणजे काहीच नाही.

फक्त तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला,
एका खिडकीत दोन काड्या येतात.
सगळ्या वॉर्डाला ठाऊक.
नंदगडचा भरमाण्णा गजांतून हात बाहेर काढून
स्पीकरवर ओरडतो, "रक्त मिळालं की रे!"
मागं रांगेत गोकाकची मल्लव्वा.
तिला मराठी येत नाही.
रक्त तेवढं कळतं, ती पदर तोंडाला लावते.

दहा रात्री छतात केबल ओढली.
दर बारा पावलांवर अँटेना,
ताटलीएवढी, पांढरी.
सोमवारी तळघरातसुद्धा,
शवागाराच्या दाराशी,
चार काड्या.
साहेबांनी सही केली.
जो तो आता खाटेपाशी हळू बोलतो.
भरमाण्णाचं पुढं काय झालं
कुणाला माहीत नाही.

मीटर पेटीत घालून जिना उतरत होतो,
तर मल्लव्वा त्याच खिडकीत,
फोन कानाला, नजर खाली रिक्षांवर.
म्हटलं, अक्का, आता आतच लागतो की फोन,
तुमच्या खाटेपाशी.

तिनं फोनवर हात धरला,
बारीक आवाजात, कानडीत म्हणाली,
तिथं त्यांनाही ऐकू जातं.