आभासी फळ

अकरावीच्या पुस्तकात, एका पानाच्या तळाशी,
आकृतीला चिकटून एकटाच पडलेला शब्द.
मी फळ्यावर लिहिला, शेजारी सफरचंद काढलं,
कारण पुस्तकात सफरचंद होतं.
खैरखेड्यात सफरचंद आजारी माणसाच्या उशाशी येतं,
तेही एखादंच, चौघांत कापलेलं.

"अंडाशयाऐवजी देठ किंवा पुष्पासन फुगतं,
ते फळासारखं दिसतं, फळ नसतं."
पोरांनी उतरवून घेतलं.
अश्विनी डाखोरेनं पेन खाली ठेवलं.
"मॅडम, म्हंजे बिब्याचं फूल."

फूल?

"फूल नाई ते. पन बाजारात फूलच म्हंतात.
वरतं पिवळं, गोड. खालतं काया बिबा लटकते."

दुसऱ्या दिवशी तिनं रुमालात बांधून आणली,
वाळलेली, सुरकुतलेली, चिकट नारिंगी.
एक खाल्लं. गोड, आणि मागून
घशात बारीकशी खवखव.
उरलेली काचेच्या बशीत ठेवली आणि चिठ्ठी लिहायला बसले.
फूल म्हणून विकतात, फळ म्हणून खातात,
असतो फुगलेला देठ.
चिठ्ठी कोरीच राहिली.

"खरं फय पाहाचं तं घरी या," ती म्हणाली.

ओसरीत पंचफुलाबाई बिबे फोडत होत्या.
दगडावर बिबा, वर हातोडी, टक्.
काळं तेल, आतून पांढरी गोडंबी.
बोटं राखेत. पुन्हा बिबा. टक्.
हातांची कातडी कुठं डांबरासारखी,
कुठं काल आल्यासारखी गुलाबी.
"लांब बसा बाई, उतते हा.
नवा मानूस याले बराबर ओयखू येते."

गोडंबी कुठं जाते, मी विचारलं.
"बाळंतिनीच्या लाडूत. शयरात.
आमच्या लाडूत शेंगदाने."

मग मी, मास्तरीणच ती, सांगून बसले:
शास्त्राप्रमाणे हे काळं तेच खरं फळ,
वरचं गोड ते आभासी.

हातोडी थांबली.
"आभासी म्हंजे खोटंच ना?"
हसल्या. दात सगळे शाबूत.
"मंग लेकराईले खोटं देतो आमी,
अन् खरं ठेवतो आपल्या हाताले."
थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
"कोनाचं लगन मोडलं तं म्हंतात, बिबा घातला.
बिब्यानं कोनाचं काय केलं, सांगा बरं."
टक्.

सहामाहीला प्रश्न आला, एका गुणाचा:
आभासी फळाचे एक उदाहरण लिहा.
एकतीस सफरचंदं. एक नासपती,
स्पेलिंगसारखी जपून लिहिलेली.
आणि एक बिब्याचं फूल,
जे नमुना उत्तरात नव्हतं.

एक गुण दिला.
'फूल' खाली लाल रेघ ओढायला गेले,
तेवढ्यात मनगटावरचा फोड
कागदाला घासला.